केवळ कुतूहल म्हणून मेंदूचा एमआरआय काढायचाय. परवडेल असा कुठे होईल?

ऋजुता_सांगली (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

प्रश्न वेगळा वाटेल, पण मनापासून विचारतेय. माझं वय ४३. डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही, बीपी-शुगर नॉर्मल. तरीही मला माझ्या मेंदूचा एमआरआय काढून घ्यायचाय. कुणी डॉक्टरांनी सांगितलेलं नाही. मला बघायचाय, एवढंच.

मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. अठरा वर्षं फळ्यावर मेंदू काढतेय. प्रमस्तिष्क गुलाबी खडूनं, अनुमस्तिष्क पिवळ्या, मस्तिष्कपुच्छ पांढऱ्या. २०१६ साली बाबांना पक्षाघाताचा झटका आला, तेव्हा मिरजेला डॉक्टरांनी त्यांच्या सीटी स्कॅनची फिल्म उजेडाच्या पेटीवर लावून दाखवली. डावीकडे काळपट डाग होता. मी आईचा हात धरून उभी होते, घाबरलेली होते, आणि त्याच क्षणी मनात आलं की किती सुंदर आहे हे! अक्रोडासारख्या वळ्या, मधोमध फुलपाखरासारखी पोकळी. त्या वेळी हे बोलण्यासारखं नव्हतं, म्हणून कुणालाच बोलले नाही.

एक गोष्ट मात्र तेव्हापासून मनात अडकून बसलीय. बाबांची डावी बाजू गेली होती, हात आणि पाय दोन्ही. मेंदूचा उजवा अर्धा भाग शरीराची डावी बाजू चालवतो, हे मी दर वर्षी वर्गात सांगते. मग फिल्मवरचा डाग डावीकडे कसा? तेव्हा विचारायचं भान नव्हतं. बाबा २०१९ मध्ये गेले.

सांगली-मिरज-कोल्हापूर पट्ट्यात किती खर्च येतो? चिठ्ठीशिवाय करतात का? आणि घरच्या कॉम्प्युटरवर बघता येईल असं काही हातात मिळतं का? असं करणं चुकीचं आहे असं कुणाला वाटत असेल तर तेही स्पष्ट लिहा, मला ऐकायचंय.

गॅन्ट्रीवाला

ताई, मी कोल्हापूर भागात चौदा वर्षं एमआरआय टेक्निशियन आहे. अशी विचारणा फार कमी लोक करतात, म्हणून सविस्तर लिहितो.

सीटी डोक्यातून काढून टाका. त्यात क्ष-किरण असतात. डोक्याच्या एका सीटीत साधारण २ मिलिसिव्हर्ट डोस बसतो, म्हणजे निसर्गातून आपल्याला वर्षभरात मिळतो जवळपास तेवढा. आजाराची शंका असेल तर तो हिशेब बसतो, नुसत्या हौसेसाठी बसत नाही. एमआरआयमध्ये क्ष-किरण नाहीत. चुंबक आणि रेडिओलहरी, बस्स. आपल्या शरीरातल्या पाण्यात हायड्रोजन आहे, त्याची केंद्रकं १.५ टेस्ला ताकदीच्या चुंबकात सुमारे ६४ मेगाहर्ट्झच्या लहरींना प्रतिसाद देतात. तो प्रतिसाद कुठून किती आला, त्याचा नकाशा म्हणजे तुमचं चित्र.

दराचं म्हणाल तर आमच्या भागात प्लेन ब्रेन, म्हणजे इंजेक्शन न देता, ट्रस्टच्या सेंटरला तीन-साडेतीन हजारांत होतो. मोठ्या खासगी ठिकाणी सात-आठ हजारांच्या पुढे जातो. रात्री उशिराचा स्लॉट घेतलात तर काही ठिकाणी आणखी सवलत मिळते. ३ टेस्लासाठी जादा पैसे घालू नका, तुमच्या कामाला १.५ भरपूर झाला. कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन (चित्रात काही भाग उठून दिसावेत म्हणून देतात ते) कुणी सुचवलं तर सरळ नको म्हणा.

चिठ्ठी बहुतेक ठिकाणी लागते. पण त्यासाठी खोटी डोकेदुखी सांगू नका. रिपोर्ट लिहिणारे डॉक्टर तुमची तक्रार वाचून त्या दिशेनं शोधतात, खोटं लिहिलंत तर त्यांची दिशाच चुकते. फॅमिली डॉक्टरांना खरं सांगा आणि 'लक्षणं नाहीत, स्वतःच्या इच्छेनं' असंच लिहून घ्या.

आता खरी कामाची गोष्ट. नेहमीच्या ब्रेन एमआरआयचे काप ५ मिलिमीटर जाड असतात. निदानाला पुरतात, पण त्यातून अख्खा मेंदू उभा करायला गेलात तर पायऱ्या-पायऱ्यांचा दिसेल. बुकिंग करतानाच सांगा की एक मिलिमीटरचा 'थ्रीडी टी-वन' पण हवा. पाच-सहा मिनिटं जास्त लागतात. आणि सीडी मागून घ्या, फिल्मवर समाधान मानू नका.

आत जाताना मंगळसूत्र, जोडवी, केसातल्या पिना, सेफ्टी पिन, मोबाइल, एटीएम कार्ड सगळं बाहेर. पेसमेकर, कानातलं इम्प्लांट, जुन्या ऑपरेशनची क्लिप असेल तर आधी सांगायचं. वेल्डिंग करणाऱ्यांच्या डोळ्यात लोखंडाचा कण राहिलेला असू शकतो, त्यांनीही सांगायचं. हे मी दर पेशंटला दोनदा विचारतो. मशीन शांत असलं तरी चुंबक चालूच असतो, हे लोकांच्या लक्षात येत नाही. २०१८ मध्ये मुंबईत ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन आत गेलेला एक नातेवाईक जिवाला मुकला. ती बातमी आली त्या दिवशी मी ड्यूटीवर होतो. अजून दार लावताना आठवते.

तुमच्या डाव्या-उजव्याचं उत्तर एका ओळीत देता येईल, पण तुम्ही शिक्षिका आहात, ते तुम्ही स्वतःच शोधावं असं वाटतं. ई-जीवनसत्त्वाची ती हिरवी कॅप्सूल मिळते ना, तेलाची? टेक्निशियनला विचारून ती उजव्या कानशिलावर चिकटपट्टीनं लावा. तेल एमआरआयमध्ये पांढरं चमकतं. मग घरी सीडी लावून बघा.

पाटील_तासगाव

स्पष्ट लिहा म्हणालात म्हणून लिहितो. माझ्या चुलत्यांना सरकारी दवाखान्यात एमआरआयसाठी २२ दिवस थांबायला लागलं. खासगीत करायला पैसे नव्हते. तेवढ्या दिवसांत त्यांचा पाय जास्त ओढायला लागला. अशा वेळी कुणी धडधाकट माणूस हौसेनं त्या मशीनमध्ये झोपतो हे मनाला पटत नाही. तुमच्याबद्दल राग नाही, बाई. पण हे वाटतं.

ऋजुता_सांगली

पाटीलदादा, तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. सरकारी रुग्णालयात जायचा विचार माझ्या मनातही नाही, आणि आता तर मुळीच येणार नाही. पैसे भरून, रात्रीच्या रिकाम्या स्लॉटला, आणि कुणी तातडीचा पेशंट आला तर माझा नंबर मागे, असं ठरवून गेले तर?

पाटील_तासगाव

तसं असेल तर माझं काही म्हणणं नाही.

अनघा_नाशिक

ऋजुता, मी तुझ्याहून मोठी आहे म्हणून एकेरीत लिहितेय. हे इथे पहिल्यांदाच सांगतेय.

पन्नाशीला मुलांनी मला संपूर्ण तपासणीचं पॅकेज भेट दिलं. त्यात मेंदूचा एमआरआय आणि रक्तवाहिन्यांची अँजिओग्राफीही होती. मला काहीच होत नव्हतं. रिपोर्टमध्ये एका धमनीवर ३ मिलिमीटरचा फुगा निघाला. अ‍ॅन्युरिझम हा शब्द मी तोवर ऐकलाही नव्हता. त्या रात्री मी उताणी झोपले ती सकाळपर्यंत कूस बदलली नाही. हललं तर फुटेल, असं वाटत होतं.

न्यूरोसर्जननी नीट समजावलं. एवढे छोटे फुगे क्वचितच फुटतात, ऑपरेशनला स्वतःचा धोका असतो, म्हणून हात लावायचा नाही, बीपी ताब्यात ठेवायचं आणि ठरावीक काळानं पुन्हा बघायचं. चार वर्षं झाली, फुगा तेवढाच आहे. पण मी तेवढीच राहिले नाही. पाण्याची बादली उचलताना मनात येतं. जोरात शिंक आली तरी येतं. नवा आरोग्य विमा घ्यायला गेले, तर अर्जात हे लिहावं लागलं आणि हप्ता वाढला. लपवणं मला जमलं नसतं, आणि लपवूही नये.

मुलांना मी कधी बोलले नाही की ती भेट नसती मिळाली तर बरं झालं असतं. खरं सांगायचं तर काही दिवशी तसं वाटतं आणि काही दिवशी वाटतं की कळलं म्हणून बीपीची गोळी चुकवत नाही, हे चांगलंच झालं. दोन्ही खरं आहे.

तू जा, पण आधी घरी बसून ठरव: काही निघालं तर कुणाला दाखवायचं, किती खोलात शिरायचं, आईला सांगायचं की नाही. विमा काढायचा असेल तर तोही आधी. मला हे कुणी विचारलंच नव्हतं.

केदार_रॉटरडॅम

अनघाताईंना आला तसा अनुभव किती जणांना येतो, याचं उत्तर मी राहतो त्या शहरातूनच आलंय. इथल्या ओमोर्ड नावाच्या भागात १९९० पासून एक मोठा अभ्यास चालू आहे, त्याला रॉटरडॅम स्टडी म्हणतात. त्यातल्या सर्वसामान्य २००० जणांचे एमआरआय काढून २००७ मध्ये निष्कर्ष छापले. सरासरी वय ६३. त्यांपैकी ७.२ टक्के लोकांना नकळत छोटा झटका येऊन गेल्याच्या खुणा होत्या, १.८ टक्क्यांच्या धमनीवर फुगा, १.६ टक्क्यांना साधी, कर्करोगाची नसलेली गाठ. त्यांपैकी कुणालाच आपल्या डोक्यात असं काही आहे याची कल्पना नव्हती.

हे वयस्कर लोक होते. सगळ्या वयांचे असे अनेक अभ्यास एकत्र करून २००९ मध्ये जो हिशेब मांडला गेला, त्यात दर ३७ निरोगी माणसांमागे एकाच्या स्कॅनमध्ये काहीतरी अनपेक्षित निघतं असं आलं. तुमच्या वर्गात पन्नास-साठ मुलं असतील. तेवढी निरोगी मोठी माणसं आणून उभी केली तर एक-दोघांच्या रिपोर्टमध्ये काहीतरी निघेल.

डॉ_सावनी

मी रेडिओलॉजिस्ट आहे, रोज हेच वाचते. केदार यांचे आकडे बरोबर आहेत, फक्त त्यात भर घालते. त्या हिशेबात न धरलेल्या, अगदी निरुपद्रवी गोष्टी तर याहून कितीतरी जास्त दिसतात आणि रिपोर्टमध्ये इंग्रजीत लिहिल्या की भयंकर वाटतात. पिनिअल सिस्ट (मेंदूतल्या पिनिअल ग्रंथीतली पाण्याची छोटी पिशवी), मेगा सिस्टर्ना मॅग्ना (मेंदूच्या मागच्या बाजूची जरा मोठी पाण्याची पोकळी), सायनसची अस्तरं जाड झालेली, चाळिशीनंतर पांढऱ्या भागात एखाद-दुसरा ठिपका. यांतलं बहुतेक जन्मापासूनचं किंवा वयानुसार असतं. आपल्याकडे आणखी एक: जुना, वाळलेला कॅल्शियमचा ठिपका. फितकृमीची अंडी न धुतलेल्या पालेभाजीतून, काकडी-कोथिंबिरीतून पोटात जातात, त्यांची अळी मेंदूत पोचून कधीतरी मरून गेलेली असते. शुद्ध शाकाहारी घरातही हे सापडतं आणि मग "आमच्याकडे कसं शक्य आहे?" म्हणून लोक रडतात. म्हणून रिपोर्ट हातात आला की गूगल करण्याआधी कुणा डॉक्टरांसोबत वाचा.

आता काय दिसणार नाही तेही सांगते, कारण अपेक्षाभंग मी खूप पाहिलाय. मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी आहेत. तुमच्या चित्रातला सर्वांत छोटा ठोकळा एक घनमिलिमीटरचा, त्यात हजारो पेशी. तेव्हा हुशारी, स्मरणशक्ती, स्वभाव, उद्या विसराळूपणा येणार की नाही, यांतलं काहीही एका निरोगी माणसाच्या एका चित्रावरून सांगता येत नाही. 'मेंदू काम करताना कसा पेटतो ते दाखवू' म्हणून कुणी पैसे मागत असेल तर मागे फिरा. फंक्शनल एमआरआय हे संशोधनाचं आणि ऑपरेशनपूर्व नियोजनाचं साधन आहे. २००९ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी मेलेला सामन मासा त्या मशीनमध्ये ठेवून त्याला माणसांचे फोटो दाखवले, आणि आकडेमोडीतली एक काळजी घेतली नाही तर त्या मेलेल्या माशाचाही मेंदू 'काम करताना' दिसतो हे दाखवून दिलं. आमच्या क्षेत्रात त्या माशानं फार मोठं काम केलंय.

ऋजुता, तुम्ही ज्या कारणासाठी बघताय, म्हणजे वळ्या आणि ती फुलपाखरासारखी पोकळी, ते मात्र अगदी स्वच्छ दिसेल. मला स्वतःला अजून दिसतं आणि अजून आवडतं.

सह्यकडा

सीडी मिळाल्यावर: फाइल्स डायकॉम प्रकारच्या असतात, म्हणजे स्कॅनच्या चित्रांसाठी ठरलेल्या साच्यातल्या. थ्रीडी स्लायसर नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात सीडीचा फोल्डर ओढून टाका. लॅपटॉपला ८ जीबी रॅम असेल तर चालतं. मी माझ्या मेंदूची प्रतिकृती थ्रीडी प्रिंटरवर काढली आहे, अर्ध्या आकाराची, टेबलावर ठेवलीय.

एक विनंती. मूळ फाइल्स कुठेही अपलोड करू नका, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तर नकोच. नाव, वय, तारीख आतच असते. ती पुसली तरी एक मिलिमीटरच्या स्कॅनमधून माणसाचा चेहरा उभा करता येतो. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी ८४ जणांवर हे करून पाहिलं. चेहरा ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरनं ७० जण बरोबर ओळखले. वर्गात दाखवायला एका कापाचा स्क्रीनशॉट पुरेसा आहे.

विभा_बंगळूर

एक पूर्ण फुकटचा मार्ग आहे आणि त्यानं पाटीलदादांचा प्रश्नही सुटतो. मेंदूवर संशोधन करणाऱ्या संस्थांना निरोगी माणसं हवी असतात, पेशंटशी तुलना करायला. बंगळूरचं निम्हान्स, मानेसरचं राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र अशा ठिकाणी असे प्रकल्प होतात. आपण लाख वेळा ऐकतो की पुस्तकातला मेंदू पाश्चात्त्य लोकांवरून काढलेला आहे. हैदराबादच्या ट्रिपल आयटीनं २०१९ मध्ये १०० भारतीयांच्या एमआरआयवरून भारतीय मेंदूचा नकाशा, म्हणजे तुलनेसाठीचं सरासरी चित्र, तयार केला. सरासरी भारतीय मेंदू पाश्चात्त्य नकाशापेक्षा लांबी-रुंदीला थोडा लहान निघाला. म्हणून नकाशा लहान-मोठा करून बसवण्यापेक्षा आपला वेगळा असलेला बरा. ते शंभर लोक तुमच्या-माझ्यासारखेच.

मी अशी एकदा गेले होते. संमतीपत्र दहा पानांचं होतं, पूर्ण वाचा. दोन गोष्टी आधी विचारा: काही निघालं तर मला कळवणार का, आणि चित्रांची प्रत देणार का. मला प्रत मिळाली, माझ्या मैत्रिणीला दुसरीकडे नाही मिळाली. वयाची, डावखुरं-उजवं असण्याची अटही असते.

ऋजुता_सांगली

विभाताई, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. डावखुरी असल्यामुळे एका ठिकाणी नकार आला, दुसरीकडे वयात बसत नाही. इथेच जवळपास करणार. अनघाताई, तुमचा प्रतिसाद यजमानांना वाचून दाखवला. आम्ही दोघांनी वहीत लिहून ठेवलंय: काही निघालं तर आधी फॅमिली डॉक्टर, त्यांनी सांगितलं तरच न्यूरोलॉजिस्ट, आईला लगेच सांगायचं नाही. विम्याचं नूतनीकरण मागच्याच महिन्यात झालंय.

ऋजुता_सांगली

धागा वर काढतेय. झालं.

मिरजेतलं ट्रस्टचं सेंटर, ३,४०० रुपये, थ्रीडीचे वेगळे घेतले नाहीत. फॅमिली डॉक्टरांनी चिठ्ठीवर जसंच्या तसं खरं लिहून दिलं, काउंटरवरच्या मुलानं दोनदा वाचलं. स्लॉट साडेनऊचा होता. सव्वानऊला मोटरसायकलच्या अपघाताचा एक तरुण मुलगा आला, कानातून रक्त येत होतं, पाठोपाठ त्याची आई. सीटीनंतर त्याचा एमआरआयही करायचा होता. मी आधीच सांगून ठेवलं होतं त्याप्रमाणे थांबले. पाटीलदादा, मला तुमचीच आठवण झाली. माझा नंबर साडेअकराला लागला.

मंगळसूत्र आणि पिना काढून यजमानांच्या रुमालात बांधल्या. कॅप्सूल बघून टेक्निशियन म्हणाले, "कुणी सांगितलं हो तुम्हाला हे?" आणि स्वतःच चिकटपट्टीनं लावून दिली. कानात बोळे, वरून हेडफोन, डोक्यावर पिंजरा, हातात रबरी फुगा, भीती वाटली तर दाबायला. पिंजऱ्यात एक छोटा आरसा असतो, त्यातून पायाकडचं दार दिसत होतं. त्या आरशामुळे मला कोंडल्यासारखं झालं नाही. मग आवाज. आधी दारावर मुठीनं ठोकावं तसा, मग गिरणीचा पट्टा सुटल्यासारखा, मग एकसुरी भोंगा. थ्रीडीच्या वेळी सगळी गादी थरथरत होती. मी डोळे मिटून प्रत्येक आवाजाला मनात म्हणत होते, आता हे पाणी बोलतंय. पंचवीस मिनिटं कुठे गेली कळलं नाही.

रिपोर्ट दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. ६ मिलिमीटरची पिनिअल सिस्ट. डॉ. सावनी, हे दोन शब्द तुमच्या प्रतिसादात आधीच वाचलेले होते, तरी रिपोर्ट धरलेला हात गार पडला. फॅमिली डॉक्टर म्हणाले, विसरून जा. वहीत ठरल्याप्रमाणे तिथेच थांबलो.

शनिवारी शाळा सुटल्यावर लॅपटॉप उघडला. माउसचं चाक फिरवलं की टाळूपासून खाली एकेक मिलिमीटर उतरता येतं. आधी कवटीचा गोल, मग वळ्या, मग ते फुलपाखरू हळूहळू पंख उघडतं आणि मिटतं. आणखी खाली अचानक माझे डोळे आले, दोन गोल, पाठीमागे दृष्टिचेता देठासारख्या. अनुमस्तिष्क आडव्यात बघितलं तर साधं, उभ्या कापात बघितलं तर आत झाड. मी इतकी वर्षं पिवळ्या खडूनं नुसत्या आडव्या रेघा मारत होते.

कॅप्सूल स्क्रीनवर डावीकडे चमकत होती. लावली तर उजव्या कानशिलावर होती, चिकटपट्टीनं ओढले गेलेले केस अजून दुखत होते. तेव्हा समजलं. डॉक्टर चित्र बघतात ते पेशंटच्या पायाशी उभं राहून बघितल्यासारखं. माझी उजवी बाजू त्यांच्या डावीकडे.

माळ्यावरून बाबांच्या स्कॅनचं पाकीट काढलं. फिल्मच्या मागे सीडी होती, इतक्या वर्षांत कुणी लावलीच नव्हती. ती उघडली. चित्राच्या डाव्या कडेला बारीक अक्षर होतं, इंग्रजीतला 'आर'. राइटचा. त्याच्या शेजारी तो डाग.

गॅन्ट्रीवाला

बरोबर ताई.

अनघा_नाशिक

ऋजुता, माझ्या आईची जुनी सीडी घरात आहे, तिलाही सीटीच केला होता. ती त्या स्लायसरमध्ये उघडेल का?

ऋजुता_सांगली

उघडते, ताई. सीडीवर ओरखडे नसतील तर आधी सगळा फोल्डर लॅपटॉपवर कॉपी करून घ्या, मग त्यात ओढा. काप जाड असतील, पायऱ्या दिसतील. अडलं तर रात्री नऊनंतर मी इथे असते.